नॅनोची बाटली आणि जिवंत पेशी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, विजेवर बोलून झाले, पीकविम्यावरही बोलून झाले. आता अर्धा तास आम्ही तुमच्याकडून वेगळ्याच विषयासाठी मागून घेणार आहोत. विषय दिसायला कॉलेजातला आहे. पण त्याची बाटली आता कृषी सेवा केंद्राच्या फळीवर येऊन बसली आहे. जे फळीवर आले ते उद्या आपल्या पंपात येणार, पंपातून पऱ्हाटीवर, मातीत आणि फवारणाऱ्याच्या छातीत जाणार. तेव्हा तो विषय आपलाच झाला.

२०२१ मध्ये नॅनो युरिया आला. २०२३ मध्ये नॅनो डीएपी आले. २०२४ मध्ये नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर या द्रवरूप खतांनाही केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशाखाली जागा दिली. गावोगाव फिरताना आम्हाला या 'नॅनो'बद्दल दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, पोत्याचे काम बाटलीत होते, विज्ञानाचा चमत्कार आहे. दुसरा म्हणतो, हे विष आहे, जमीन मारून टाकेल. आम्ही दोघांनाही विचारले, बाटलीत कण कशाचे आहेत, केवढे आहेत, ते पाण्यात विरघळतात की नाही? दोघेही गप्प. विकणाऱ्याला विचारले, तोही गप्प.

आज बोलायचे ते धातूंच्या ऑक्साइडांच्या नॅनो कणांबद्दल. धातूला ऑक्सिजन जोडला की ऑक्साइड होते. लोखंडाचा गंज हे लोखंडाचे ऑक्साइड. त्याचप्रमाणे जस्ताचे, तांब्याचे, टायटॅनियमचे, सेरियमचे. युरिया यात येत नाही, तो धातू नव्हे. नाव एकच 'नॅनो' असले तरी माल वेगळा, हे आधीच ध्यानात ठेवा.

नॅनो म्हणजे केवढे?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनो कण म्हणतात. आपल्या कापसाच्या एका तंतूची जाडी सुमारे १५ हजार नॅनोमीटर भरते. म्हणजे ३० नॅनोमीटरचे कण एकाला एक लावून ठेवले तर एका तंतूच्या रुंदीवर पाचशे कण बसतील.

नुसते बारीक झाल्याने काय बिघडते? हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटरचा घनाकृती ठोकळा घ्या, जरा मोठ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच १० नॅनोमीटरचे ठोकळे करा. वजन तेवढेच राहिले, माल तोच राहिला. पण सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून ६०० चौरस मीटर झाला. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. एका हरभऱ्याच्या दाण्यातून सहा गुंठे जागा उघडी पडली. पाण्याशी, हवेशी, जिवंत पेशीशी जी काही क्रिया व्हायची ती या पृष्ठभागावर होते. म्हणून तोच धातू, तेवढेच वजन, पण वागणूक वेगळी.

यात भिण्यासारखे आपोआप काही नाही. आपल्या मातीत लोखंडाच्या ऑक्साइडचे असे सूक्ष्म कण आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासून आहेत. आपल्या शरीरात लोह साठवायला फेरिटिन नावाचे प्रथिन असते. ते प्रथिन म्हणजे १२ नॅनोमीटरची पोकळ कोठी. तिच्यात लोखंडाचे साडेचार हजारांपर्यंत अणू ऑक्साइडच्या रूपात भरलेले असतात. निसर्गानेच हा नॅनो कण बनवला आहे. पण कोठीत बंद करून, गरजेपुरता बाहेर काढायची सोय ठेवून. उघडा कण आणि कोठीतला कण यांत तेवढाच फरक आहे, जेवढा चुलीतल्या आणि कडब्याच्या गंजीतल्या विस्तवात.

पेशीच्या आत काय घडते?

माणूस असो, गांडूळ असो की ज्वारीचे धाट, सगळे पेशींचे बनलेले आहे. नॅनो कण पेशीला तीन तऱ्हांनी गाठतात.

पहिली तऱ्हा विरघळण्याची. झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड या तऱ्हेचे. प्राण्याची पेशी बाहेरचा कण वेढून आत घेते आणि लायसोसोम नावाच्या आंबट पिशवीत पचवायला टाकते. बाहेरच्या पाण्यात जो कण सावकाश विरघळला असता, तो त्या आंबटपणात झपाट्याने विरघळतो. पेशीत एकदम जस्ताचा किंवा तांब्याचा पूर येतो. जस्त पेशीला हवेच असते, पण थोडे. पुरात पेशीची यंत्रणा बुडते. विरघळलेले जस्त एरवी पेशीच्या दारावर मोजून आत घेतले जाते. कणाच्या रूपाने आले की ते न मोजता आत शिरते.

दुसरी तऱ्हा न विरघळता छळण्याची. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण त्याच्यावर ऊन पडले, त्यातले अतिनील किरण पडले, की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची उतावळी रूपे तयार होतात. ती जे भेटेल त्याला ओरबाडतात: पेशीचे पटल, प्रथिने, वंशाचा लेख असलेला डीएनए. पेशीजवळ याविरुद्ध बचावाचा साठा असतो. मारा साठ्यापेक्षा कमी असला तर पेशी निभावून नेते. जास्त झाला तर सूज येते, आणखी वाढला तर पेशी मरते.

तिसरी तऱ्हा नुसत्या चिकटण्याची. कण मुळाच्या किंवा जिवाणूच्या अंगावर बसतात, वाट बुजवतात, पटल फाडतात.

सगळी ऑक्साइडे सारखी नाहीत हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये २४ धातू ऑक्साइडांचे नॅनो कण पेशींवर आणि उंदरांच्या फुप्फुसांवर तपासून पाहिले. थोड्यांनीच तडक इजा केली. जस्त आणि तांबे यांची ऑक्साइडे विरघळल्यामुळे त्या थोड्यांत होती. बहुतेक ऑक्साइडे गरीब निघाली. लोखंडाच्या ऑक्साइडच्या कणांचे तर औषध झाले आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्तातले लोह कमी झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेने २००९ मध्ये अशा एका इंजेक्शनला परवानगी दिली. पुढे काही रुग्णांना त्याची गंभीर ॲलर्जी झाली, म्हणून २०१५ मध्ये त्याच औषधावर कडक इशारा छापायला लावला. औषधालाही नजरेखाली ठेवावे लागते. मग खताला नको?

पिकावर काय दिसले?

आता आपल्या शेतात येऊ. आपली काळी जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी. जस्त तिच्यात असले तरी अडकून पडते, पिकाला लागू होत नाही. देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक माती नमुन्यांत जस्त कमी निघाले आहे. तेव्हा जस्ताची गरज खोटी नाही. ते कोणत्या रूपात द्यायचे, एवढाच प्रश्न.

तिरुपतीच्या कृषी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भुईमुगावर केलेले काम २०१२ मध्ये छापून आले. २५ नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडची बियाण्याला प्रक्रिया केली. लिटरला १ ग्रॅम मात्रेत उगवण सुधारली, मुळे वाढली. लिटरला २ ग्रॅम केले तर वाढ उलट खुंटली. भावांनो, इथे क्षणभर थांबा. फायदा आणि तोटा यांत अंतर फक्त दुपटीचे. आपल्याकडे झाकणाने मोजून, 'थोडे जास्तच टाक' म्हणून पंपात ओतायची सवय आहे. इथे ती सवय महागात पडेल.

त्याच केंद्रात शेतावरची फवारणीही झाली. १५ लिटर पाण्याला २ ग्रॅम नॅनो झिंक ऑक्साइड एका बाजूला, १५ लिटरला ३० ग्रॅम चिलेटेड झिंक सल्फेट दुसऱ्या बाजूला. नॅनोच्या बाजूला दोन हंगामांत शेंगांचे उत्पन्न २९.५ आणि २६.३ टक्के जास्त आले. हा आकडा नॅनोच्या बाजूचा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही.

ज्वारीवरचा प्रयोग तर आपल्या कोरडवाहूवाल्यांनी कान देऊन ऐकावा असा आहे. अमेरिकेत झालेले हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुंड्यांतल्या ज्वारीला मुद्दाम पाण्याचा ताण दिला. ताणाने धान्य ७६ टक्के घटले आणि निसवणे लांबले. मातीत किलोमागे १ ते ५ मिलिग्रॅम जस्त नॅनो ऑक्साइडच्या रूपात दिले, तेव्हा ताणातही दाणे जास्त भरले आणि निसवण्याचा उशीर कमी झाला. पण तो प्रयोग कुंडीतला. कुंडीतल्या ज्वारीला रानडुक्कर खात नाही आणि तिच्यावर अवकाळी पडत नाही. कुंडीतून शेतापर्यंतची वाट अजून चालायची आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या प्रयोगात मुळा, मोहरीच्या कुळातले रेप आणि रायगवत यांच्या कोवळ्या मुळांची वाढ नॅनो झिंक ऑक्साइडने निम्म्यावर आली. मुळ्याला त्यासाठी लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम पुरले, बाकी दोघांना सुमारे २० मिलिग्रॅम. म्हणजे भुईमुगाच्या बियाण्याला जे मानवते, त्याच्या विसाव्या हिश्श्यातच मुळ्याचे मूळ मान टाकते. प्रत्येक पिकाची सहनशक्ती वेगळी. भुईमुगाची शिफारस पऱ्हाटीला चालेल असे म्हणणाऱ्याला त्याचा पुरावा विचारा.

पऱ्हाटीवर चीनमध्ये काम झाले आहे. तिथे साध्या आणि बीटी कापसाच्या रोपांना सेरियम ऑक्साइडचे कण जास्त मात्रेत दिले, तेव्हा पानातली हरितद्रव्याची केंद्रे आणि रस वाहणाऱ्या नळ्या बिघडलेल्या दिसल्या. तांब्याच्या ऑक्साइडने लिटरला १००० मिलिग्रॅमला वाढ खुंटली, पण १० मिलिग्रॅमला बीटी कापसातले बोंडअळीविरुद्धचे प्रथिन वाढलेले आढळले. एकच कण, एकच पीक. मात्रा बदलली की निकाल फिरतो.

मातीत राहणाऱ्यांचे काय?

पिकापेक्षा आम्हाला जास्त काळजी मातीतल्या जिवांची वाटते. बाटली पिकाच्या नावाने विकली जाते. माती त्या सौद्यात कुठेच नसते.

सोयाबीन उपटले की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला फुकट देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील गटाने २०१२ मध्ये सोयाबीन नॅनो कण मिसळलेल्या मातीत पेरण्यापासून काढणीपर्यंत वाढवले. झिंक ऑक्साइडच्या मातीत झाडाच्या पानांत आणि शेंगांत जस्त वाढले. सेरियम ऑक्साइडच्या मातीत वाढ आणि उत्पन्न घटले आणि जास्त मात्रेला गाठींतले नत्र पकडण्याचे काम जवळजवळ बंदच पडले. वरून झाड उभे, खाली कारखाना बंद. बांधावर उभे राहून हे कोणाला दिसणार?

२०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुढे हेही पाहिले, की सोयाबीनमध्ये गेलेल्या कणांचे शेवटी काय होते. झिंक ऑक्साइड तसेच राहिले नव्हते. जस्त झाडाने आपल्या रसायनांत जोडून घेतले होते. सेरियम ऑक्साइड मात्र बऱ्याच अंशी जसेच्या तसे शेंगेपर्यंत पोचले होते. यातून आम्ही एक साधा नियम काढतो. जो धातू झाडाचे अन्न आहे आणि मातीत विरघळून त्याच्या अन्नात मिसळतो, त्याचा विचार मात्रा सांभाळून करता येईल. जो धातू अन्न नाही आणि विरघळत नाही, तो शेतात नको. एकदा टाकलेला धातू कुजत नाही, उडून जात नाही. दरवर्षी थोडा थोडा करून तो साठतो आणि नातवाच्या नावावरच्या सात-बाऱ्यात जातो.

ओढ्या-तळ्यातल्या जिवांचेही असेच. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये पाण्यातल्या शेवाळावर नॅनो झिंक ऑक्साइड, जाडे झिंक ऑक्साइड आणि विरघळणारे जस्ताचे मीठ तिन्ही तपासले. तिघांनी सारखेच मारले, कारण मारणारे होते ते विरघळलेले जस्त. तेव्हा नॅनो नाही म्हणून साधे जस्त निर्धोक, असाही समज नको. उरलेले द्रावण आणि धुतलेल्या पंपाचे पाणी विहिरीवर किंवा नाल्यात टाकू नका, हा नियम दोन्हींना लागू आहे.

छातीत जाते तेव्हा

भावांनो, नॅनो कण माणसाला बाधतो याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायला नको. तो तुमच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा जोडताना पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. बंद जागेत दिवसभर तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. दोन दिवसांत उतरतो. डॉक्टर त्याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. ओतारी लोकांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे. जेच जस्त पानातून गेले तर अन्न, तेच श्वासातून गेले तर ताप. वाट बदलली की परिणाम बदलतो.

१९९२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांना टायटॅनियम डायऑक्साइडचे दोन प्रकारचे कण हुंगवले, एक २० नॅनोमीटरचे आणि दुसरे २५० नॅनोमीटरचे. वजन सारखे, पण बारीक कणांनी फुप्फुसाला सूज जास्त आणली. त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने कारखान्याच्या हवेसाठी मर्यादा सुचवली: जाड्या कणांसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म कणांसाठी ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ एकच आणि नियम आठपट कडक, केवळ कण बारीक म्हणून.

खाण्याचा वाद अजून मिटलेला नाही. हाच टायटॅनियम डायऑक्साइड मिठाईला आणि गोळ्यांना पांढरा रंग म्हणून वापरतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये तो निर्धोक मानता येत नाही असे म्हटले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने तो अन्नातून काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये तोच पुरावा पाहून बंदीसारखे काही सुचवले नाही. शहाणी माणसे अशी वेगळी बोलतात तेव्हा सामान्याने पुरावा मागावा, घाई करू नये.

आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. बाटलीतला कण द्रवात असतो, भुकटीसारखा उडत नाही. पण फवाऱ्याचे धुके उडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशके होती, नॅनो कण नव्हते. पण पाठीवरचा पंप तोच, वारा तोच, उघडे नाक तेच आणि मजुरीवर फवारणारा माणूसही तोच. 'हे खत आहे, औषध नाही' असे सांगून त्याचे तोंड उघडे ठेवू नका. भुकटीच्या रूपातला नॅनो माल तर घरात उघडूच नये.

मग करायचे काय?

आम्ही बंदी मागायला उभे नाही आणि जाहिरात करायलाही नाही. नवे तंत्र शेतकऱ्याला मिळाले पाहिजे, आणि त्या तंत्राची पूर्ण माहितीही मिळाली पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेतीतल्या नॅनो मालाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तपासणीचे कागद सरकारकडे असतील तर ते आपल्यापर्यंत यायला हरकत कसली?

म्हणून बाटली घेण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. उत्तर तोंडी नको, लेबलावर किंवा पत्रावर हवे.

१. धातू कोणता आणि कोणत्या रूपात? ऑक्साइड, की दुसरे काही?

२. कणाचा आकार केवढा, आणि बाटली सहा महिने ठेवल्यावर तो तसाच राहतो का? कण एकमेकांना चिकटून जाडे झाले तर नॅनोचे पैसे कशाचे?

३. माझ्या पिकाला, माझ्यासारख्या जमिनीत, किती मात्रा? आणि कोणत्या मात्रेला नुकसान होते?

४. मातीतल्या जिवाणूंवर आणि गांडुळांवर, एकदा नव्हे तर हंगामामागून हंगाम टाकल्यावर, काय परिणाम दिसला?

५. फवारणाऱ्याने काय काळजी घ्यायची, आणि बाधा झाली तर डॉक्टरला काय सांगायचे?

युरियाच्या गोणीबरोबर बाटली गळ्यात मारली जात असेल तर पावती मागा, पावतीवर बाटलीचा आकडा वेगळा लिहून मागा, आणि नको असेल तर नको म्हणा.

शेवटची गोष्ट प्रयोगाची. कोणावर विश्वास ठेवू नका, आमच्यावरही नको. आधी माती परीक्षण करून जस्त कमी आहे का ते पाहा. कमी नसेल तर बाटलीही नको आणि पुडीही नको. कमी असेल तर एकाच शेतात, एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले तीन तुकडे घ्या. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला साधे झिंक सल्फेट, अर्धा टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, त्यात निम्मा चुना विरघळवून गाळून. तिसऱ्याला बाटली, लेबलावर आहे तेवढीच. दुकानदार तुम्हाला नेहमी पहिला आणि तिसरा तुकडा दाखवतो. भुकेल्या जमिनीला जस्त कशातूनही मिळाले तरी फरक दिसणारच. खरी लढत दुसऱ्या आणि तिसऱ्याची आहे. वेचणीचे वजन, कणसांचे वजन आणि खर्च, तिन्ही वहीत लिहा. पुढच्या हंगामात सोयाबीन किंवा तूर घेतलीत तर तिन्ही तुकड्यांतली पाच-पाच झाडे उपटून मुळांवरच्या गाठी मोजा. गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे.

प्रत्येक तालुक्यातून दहा जणांनी हे केले, तर पुढच्या बैठकीत आमच्यासारख्याचे भाषण लागणार नाही. तुमच्या वह्याच बोलतील. ज्यांना तीन तुकडे करायचे आहेत त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या तालुका प्रमुखाकडे नाव, पीक आणि जमिनीचा प्रकार लिहून द्यावा. माती परीक्षणाचा कागद ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो सोबत आणावा. नाही त्यांनी पेरणीच्या आत नमुना पाठवावा.